लांबहात्याचा कोट

९ मार्च

मापवहीतच लिहितोय. दुसरी वही आणायला कोण जाणार, आणि ही नाहीतरी कोरीच पडलीय. प्रत्येक पानावर वर छापलंय — छाती, कंबर, बाही, उंची. त्याच्याखाली लिहा काय लिहायचं ते!

पोरगा जाऊन आज चोवीस दिवस झाले. गोदामात मालाची उंच मांडणी कोसळली, आणि तो चालवत होता त्या फोर्कलिफ्टसकट खाली सापडला. हे एकदा लिहून टाकलं. पुन्हा लिहिणार नाही.

सकाळी कात्रीला धार लावून घेतली. कापायला काही नाही.

११ मार्च

सूनबाई आली होती. नुकसानभरपाईच्या कार्यालयातून अर्ज आणलाय. कामावर असताना माणूस गेला तर त्याच्या माघारी घरच्यांना दरमहा काहीतरी मिळतं म्हणे — बायकोला, मुलांना. आणि आईबाप त्याच्यावर अवलंबून असतील तर त्यांनाही. तिने तिसरं पान उघडून माझ्यापुढे ठेवलं. ‘आपण मृत कामगारावर अवलंबून होता काय?’ — पुढे दोन चौकोन. होय. नाही.

मी म्हटलं, “मी? अवलंबून? त्याची पहिली चड्डी मी शिवली, शेवटचा शर्ट मी शिवला! कोण कुणावर अवलंबून होतं?”

“बाबा, आमच्या वाट्यातून कापून नाही देत. तुमचा वेगळा असतो. तुमच्या नावावर, तुमच्या हातात.”

“मिळतो म्हणून खोटं बोलू? तेही त्याच्या नावावर?”

तिने अर्ज मिटला. मग म्हणाली, “चौकोन मोकळा राहू दे. घाई नाही.” चहा केला, कप विसळून पालथा घातला, गेली. मी दाराशीसुद्धा गेलो नाही. माझा एकट्याचा मुलगा नाही, तिचाही नवरा गेलाय — हे मला अधूनमधून आठवावं लागतं. लाज वाटते.

१२ मार्च

एका पँटची चेन बदलली. पैसे घेतले नाहीत. का कोण जाणे.

१६ मार्च

कंपनीच्या कोटांचं काय झालं असेल?

दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पोरगा यायचा — खांद्यावर निळ्या जाड कापडाचा तागा, खिशात मापांची चिठ्ठी आणि मजुरीचं पाकीट. कधी सहा कोट, कधी आठ. “बाबा, कंपनीची ऑर्डर.” चार वर्षं एक महिना चुकला नाही. तयार कपड्यांची दुकानं झाली तशी माझी गिऱ्हाइकं गेली, आता येतात ती बटण लावायला. कंपनीच्या कोटांवरच हे दुकान उभं आहे. दुकान म्हणजे घरच — पुढे मशीन, पडद्यामागे खाट.

चिठ्ठ्या सगळ्या खिळ्याला टोचून ठेवल्यात. आज काढून वाचल्या. पहिल्या दोन-तीन पोराने खरडलेल्या आहेत, मग पुढे कंपनीच्या कारकुनाचं अक्षर. गोल, नेटकं. सातच्या पोटात आडवी रेघ मारायची त्याला खोड. पण मापं म्हणाल तर अजब! एक होता — छाती अडतीस, बाही तीस. बाही तीस! माणूस आहे की माकड? पंचवीस-सव्वीसच्या पुढे बाही मी आयुष्यात कापलेली नाही. पोराला परत पाठवलं, विचारून ये म्हटलं. दुसऱ्या दिवशी आला, चेहरा गंभीर. “बरोबर आहे, बाबा. त्याचे हात लांबच आहेत. उभ्याउभ्या गुडघा खाजवतो.”

मग काय, कापली तीसची बाही! गिऱ्हाइकाच्या मापावर एकदा शंका घ्यावी, दुसऱ्यांदा घेऊ नये — माझ्या वडिलांची शिकवण. त्या माणसाचं नाव मी लांबहात्या ठेवलं. पोरगा आला की आधी विचारायचो, “लांबहात्या बरा आहे ना?” तो म्हणायचा, “मजेत आहे. वरच्या फळीवरचा माल शिडीशिवाय काढतो.” दुसरा एक ढेरपोट्या. छाती छत्तीस, पोट बावन्न! तोही मजेत असायचा. आम्ही दोघं त्यांच्या नावाने पोट धरून हसायचो.

पोराला पोचवायला गोदामातले झाडून सगळे आले होते. तशा वेळीसुद्धा माझे डोळे लांब हात शोधत होते. दिसले नाहीत. असं कसं माझं मन?

१९ मार्च

नात आली, चिमणी. शाळा सुटली की सरळ इकडेच येते. बटणांचा डबा ओतून रंगांप्रमाणे लावत बसली. म्हणाली, “आजोबा, बाबांच्या कोटाचं बटण कुठलं?” मी म्हटलं, तुझ्या बाबांना मी कोट शिवलाच नाही, त्यांना कंपनी जाकीट देते. “मग तुम्ही कोट कुणाला शिवता?” म्हटलं, कंपनीला. तिला काही ते पटलं नाही. मला तरी त्यात न पटण्यासारखं काय आहे ते कळलं नाही.

एक पितळी बटण मुठीत घट्ट धरून घरी घेऊन गेली.

२३ मार्च

आज एक गृहस्थ आले होते. इस्त्री केलेला शर्ट, हातात चामडी फाईल. कंपनीच्या विम्याकडून आलो म्हणाले. मोठा गोड माणूस! स्टुलावर बसला, मशीन कधीचं विचारलं, कॉलर बघून “काय सफाई आहे!” म्हणाला. मीही खुललो. किती दिवसांत कोणी कामाबद्दल विचारलं नव्हतं.

“या वयात स्वतःचं दुकान? वा! म्हणजे आजोबा, तुम्ही कुणावर अवलंबून नाही.”

“अजिबात नाही!” मी म्हटलं. “बेचाळीस वर्षं या मशीनवर पोट भरतोय. मुलापुढे कधी हात पसरला नाही. उलट त्याच्याच कंपनीची कामं मी करतो.”

“हेच लिहून घेऊ का?”

लिहून घेतलं. मी वाचलं, शब्दन्‌शब्द खरा होता. झोकात सही ठोकली. जाताना त्याने हात मिळवला.

२४ मार्च

सूनबाईला सांगितलं. मला वाटलं होतं, कौतुक करेल. निदान म्हातारा ताठ आहे असं तरी म्हणेल. ती खाली बसली आणि कितीतरी वेळ पदराच्या काठाचा सुटलेला दोरा गुंडाळत राहिली. मग हळूच, “सही केलीत, बाबा?”

केली.

“बरं.”

एवढंच. ‘बरं.’ रागावली असती तर बरं वाटलं असतं. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं तीच काय, मीच स्वतःला म्हणालो असतो. पण खोटं कुठे बोललो? खरं बोलून माणसाला एवढं चोरट्यासारखं का वाटावं?

२८ मार्च

घरमालक येऊन गेला. भला माणूस, खाली बघून बोलतो. दोन महिने थांबेन म्हणाला, त्यापुढे त्याचाही इलाज नाही. लेकीचा फोन आला. “बाबा, दुकान सोडा आणि या माझ्याकडे. आठ तासांचा तर प्रवास.” तिच्या घरी मशीन ठेवायला जागा नाही, हे ती बोलली नाही, मीही बोललो नाही. इथून गेलो की चिमणी शाळेतून सुटून कुठे जाणार?

सूनबाईसोबत कार्यालयात गेलो. खिडकीतल्या बाईने कागद चाळले. “सुनेचं आणि नातीचं होऊन जाईल. आजोबांचं कठीण. त्यांनी स्वतःच लिहून दिलंय ना! नऊ एप्रिलला साहेबांपुढे तारीख आहे. काही सांगायचं असेल तर तेव्हा सांगा.”

मी म्हटलं, सांगायचं काही नाही. सूनबाई तोंड उघडणार होती. मिटलं.

बाहेर आल्यावर म्हणाली, “बाबा, माझ्या हातून तुम्ही कधी काही घ्यायचे नाही. ओळखते मी तुम्हाला. म्हणून तुमचं तुम्हाला मिळावं असं वाटत होतं. लेकीकडे जाऊ नका हो.”

 तिच्या खांद्यावरची शिवण उसवलीय तेवढं दिसलं. घरी येऊन टीप मारून दिली.

१ एप्रिल

पहिला आठवडा. सवयीने टेबल झाडून ठेवलं.

२ एप्रिल

कुणी आलं नाही. दोन महिने झाले, कंपनीचा एक माणूस फिरकला नाही! आणणारा गेला हे मान्य. पण कोट लागतच असतील की! चार वर्षं बिनतक्रार माल दिला. एकाही कोटाचं काज उसवलं नाही. एखाद्याच्या हातून निरोप धाडायला काय होतं? मला जरा रागच आला. मग विचार केला, रुसून बसायला मी काय नवरदेव आहे? आपणच जावं. मुकादमाला भेटावं, चिठ्ठ्या दाखवाव्या, म्हणावं — पोरगा नाही, पण हात तेच आहेत. ऑर्डर चालू झाली की घरमालकाचा प्रश्न मिटला, लेकीकडे जाणं मिटलं, आणि कुणापुढे चौकोनात खूण करायचंही मिटलं.

४ एप्रिल

गेलो होतो.

नीट लिहितो, नाहीतर उद्या माझाच विश्वास बसायचा नाही.

मुकादमाने खुर्ची दिली, पाणी दिलं. मी चिठ्ठ्यांचा गठ्ठा पुढे ठेवला. त्याने एक उचलली, दुसरी उचलली. “आजोबा, कसले कोट? आमच्या ड्रायव्हरांना जाकिटं येतात, तयार, खोक्यातून. बाहेर शिवायला आम्ही कुणालाच देत नाही.”

म्हटलं, निळे. जाड कापडाचे. चार वर्षं.

“नाही हो.” त्याचा आवाज एकदम मऊ झाला. म्हातारा मुलाच्या दुःखाने भ्रमिष्ट झाला, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. मलाही क्षणभर तसंच वाटलं.

बाहेर पडलो. फाटकाशी ट्रक लागला होता, हमाल पोती उतरवत होते. आणि निळं! माझं निळं! एक, दोन, पाच, नऊ जण, सगळ्यांच्या अंगात माझे कोट. त्यातल्या एकाने बाह्या चार-चार घड्या घालून वर दुमडल्या होत्या.

मी ओरडलोच, “लांबहात्या!”

सगळे वळून बघायला लागले. मी त्याच्याजवळ गेलो, न विचारता कॉलर उलटी केली. आत तीन लाल टाके. ती माझी खूण, प्रत्येक कपड्यात घालतो. मग त्याचे हात बघितले. चारचौघांसारखे. चोवीस, फार तर साडेचोवीस.

“तुझं माप कुणी घेतलं?”

तो हसला. “आमचं माप कोण घेतंय, आजोबा! आम्ही रोजावरची माणसं. कंपनी आम्हाला हातमोजेसुद्धा देत नाही. हे कोट ड्रायव्हरदादा द्यायचे. दर महिन्याला गठ्ठा आणायचे आणि म्हणायचे, बघा रे, कुणाला कुठला होतोय. लांब झाला तर दुमडा.”

पलीकडे एक काटकुळा उभा होता. ढेरपोट्याचा कोट, कमरेला सुतळी. म्हणाला, “ह्यात दोघं मावतो आम्ही. पण थंडीत बरा.”

मी विचारलं — विचारायची गरज नव्हती, तरी विचारलं — पैसे कोण द्यायचं?

लांबहात्याने पोतं खाली ठेवलं. “तेच तर! मी एकदा म्हटलं, दादा, कशाला पदरमोड करता? तर म्हणाले, अरे, माझ्या बापाचे हात रिकामे राहिले की तो आजारी पडतो. तुम्ही घातलेत की मलाच उपकार.” मग त्याने माझ्याकडे निरखून बघितलं, गळ्यातल्या मापपट्टीकडे बघितलं. “म्हणजे ते तुम्हीच होय?”

हो म्हटलं. मीच तो बाप.

कसा घरी आलो आठवत नाही. कापड त्याचं. पाकीट त्याचं. चार वर्षं मी पोराच्या पगारावर जगलो आणि वर त्यालाच ऐकवायचो — बघ, या वयातसुद्धा कुणाचा मिंधा नाही! तो मान हलवायचा. म्हणायचा, “तुमचं वेगळंच आहे, बाबा.”

मशीनवर डोकं टेकून रडलो. पन्नास दिवसांत नव्हतो रडलो, आज मोकळा झालो. आणि रडतारडता त्या गुडघा खाजवण्याचं हसूही येत होतं. लबाड! काय तोंड करून सांगितलं होतं!

५ एप्रिल

सूनबाईला सांगावं की नाही? तिच्या घरातला पैसा होता तो. चिमणीच्या तोंडचा. तिला कळलं तर काय वाटेल? सांगितलं नाही. फक्त म्हटलं, तारखेला मी बोलणार आहे. ती म्हणाली, “बरं.” तेच ‘बरं.’

९ एप्रिल

तारीख झाली. छोटी खोली, चार खुर्च्या. तो गोड विमेवाला समोर. त्याने माझा कागद मोठ्याने वाचून दाखवला — बेचाळीस वर्षं या मशीनवर पोट भरतोय, मुलापुढे कधी हात पसरला नाही. माझेच शब्द! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. ऐकताना कान तापले.

साहेबांनी विचारलं, “आजोबा, हे खरं आहे?”

उभा राहिलो. म्हटलं, “सही खरी आहे. मजकूर चुकलाय. तेव्हा मला माहीत नव्हतं.” मग सगळं सांगितलं. कोट, चिठ्ठ्या, पाकीट, हमाल. लांबहात्याचंही सांगितलं. मी विनवलं म्हणून तो बाहेर बाकावर बसला होता, अर्ध्या दिवसाचा रोज बुडवून आला होता, कोट घालून. साहेबांनी त्याला आत बोलावलं, बाह्या उलगडायला सांगितल्या. मनगटाखाली पंजाभर लोंबायला लागल्या. साहेबांनी तोंडावर हात ठेवला. हसू दाबत होते की दुसरं काही, देव जाणे.

विमेवाल्याला त्यांनी एकच विचारलं, “कंपनी यांना कोट शिवायला देत होती?” तो म्हणाला, “तशी नोंद नाही.”

“मग आजोबा, तुम्ही मुलावर अवलंबून होता?”

बेचाळीस वर्षं जो शब्द तोंडातून निघाला नव्हता तो आला. म्हटलं, “होतो. पोटासाठी होतो. आणि सकाळी उठण्यासाठीही होतो. ते दुसरं तुमच्या कागदात बसत नसेल तर सोडा.”

साहेबांनी पहिला जबाब बाजूला केला. नवा अर्ज दिला — उद्या भरून आणा, वाटा मंजूर होईल. मी सूनबाईकडे बघायला घाबरत होतो. बघितलं तर ती जमिनीकडे बघत होती. तिला धक्का बसलेला दिसला नाही. मला वाटलं, दुःखात माणूस बधिर होतो.

१० एप्रिल

सूनबाई आली आणि कापायच्या टेबलावरच अर्ज भरायला बसली. माझी जन्मतारीख घातली. सत्तावीस जुलै. मी चष्मा पुसला. सातच्या पोटात आडवी रेघ.

खिळ्यावरून लांबहात्याची चिठ्ठी काढून तिच्यापुढे ठेवली. तिने पेन खाली ठेवलं. मग म्हणाली, “ते सगळ्यांना एकच माप लिहायचे. म्हटलं, बाबा दोन महिन्यांत ओळखतील. मग मीच लिहायला लागले. मला कुठे माहीत, बाही किती असते!”

“मग मी सही करून आलो तेव्हा बोलली का नाहीस?”

“बोलले असते तर तुमच्या चार वर्षांच्या कोटांचं काय राहिलं असतं?”

आणि मी हिला नुसती चहा कपात ओतणारी सून समजत होतो! “ढेरपोट्यासुद्धा तूच?” विचारलं. तिने मान हलवली आणि तोंडावर पदर धरून हसायला लागली. तो गेल्यापासून पहिल्यांदा. मग रडली. मग पुन्हा हसली.

मी गळ्यातली पट्टी काढून तिच्या हातात दिली, आणि हात पुढे केला. खांद्यापासून धर, म्हटलं. कोपरावरून आण. मनगटाशी थांब.

“साडेतेवीस, बाबा.”

लिही, म्हटलं. साडेतेवीस.